मुलांसाठी ऐतिहासिक खुनाची रहस्यकथा: कोणत्या क्रमाने लिहायची

दिवाळी अंकांच्या हंगामात मुलांच्या रहस्यकथांची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. त्यांतल्या ऐतिहासिक कथा बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसतात. पहिल्या पानावर वाडा, समई, पागोटी, घोड्यांच्या टापा. चौथ्या प्रकरणात कुणीतरी मरतं. मग मुलं इकडून तिकडे पळतात, लपून बोलणं ऐकतात आणि शेवटच्या प्रकरणात खुनी स्वतःच तोंड उघडून सगळं सांगून टाकतो. वाडा काढून तिथे आजचा फ्लॅट ठेवला तरी कथेचं काही अडत नाही. म्हणजे इतिहास नुसता रंगवलेला पडदा झाला. आणि गुन्ह्याचा उलगडा खुन्याच्याच तोंडून झाला, तर मुलांनी केलं काय?

दोन्ही चुका क्रमामुळे होतात. सुरुवातीपासून सुरुवात केली की त्या होणारच. खाली दिलेला क्रम पाळा. कंटाळवाणा वाटला तरी टप्पे गाळू नका. सोय म्हणून मी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो: १८९५ सालची मुंबई, गिरगावातला एक काल्पनिक छापखाना आणि बाबू, यमू ही दोन मुलं.

## टप्पा १: साल आणि गल्ली पक्की करा

‘ब्रिटिश काळ’ किंवा ‘पेशवाई’ म्हणजे काळ ठरला असं होत नाही. एक साल हवं, एक महिना हवा आणि पायी फिरता येईल एवढाच परिसर हवा. मुलं पायीच फिरणार आहेत.

मी १८९५ का घेतलं? १८९३ घेतलं की ऑगस्टमधली मुंबईतली दंगल कथेत यायलाच हवी. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग सापडला आणि पुढे अर्धं शहर रिकामं झालं. ही सालं घेऊ नयेत असं नाही. पण घेतलीत तर ती घटना कथेच्या पोटात असायला हवी. प्लेगच्या मुंबईत एका माणसाचा खून झाला आणि प्लेगचा उल्लेखच नाही, हे चालणार नाही.

साल ठरल्यावर एक वही करा. मी तिला कालवही म्हणतो. डाव्या पानावर ‘आहे’, उजव्या पानावर ‘नाही’. १८९५ च्या मुंबईसाठी माझ्या वहीत अशा नोंदी आहेत:

आहे: घोड्यांची ट्राम (१८७४ पासून), रस्त्यावर गॅसचे दिवे, राजाबाई टॉवरचं घड्याळ (१८७८), तानसाचं पाणी (१८९२), तार, पोस्टकार्ड, घरात रॉकेलची चिमणी आणि कंदील, बोरू आणि टाक, हिशेबाला मोडी लिपी, छपाईला बाळबोध (म्हणजे देवनागरी).

नाही: विजेची ट्राम (ती १९०७ ची), हातातली बॅटरी (टॉर्च), बॉलपेन, पोलिसांकडे बोटांच्या ठशांचं दप्तर (कलकत्त्यातलं पहिलं कार्यालय १८९७ चं), रक्त माणसाचं की जनावराचं हे सांगणारी चाचणी (ती १९०१ ची).

पैशांसाठी वेगळं पान ठेवा. १ रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. ‘पन्नास पैसे दिले’ असं एक वाक्य सुटलं तरी जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

तपासणी: तपास कोण करणार हेही याच वेळी लिहून ठेवा. मुंबई शहरात संशयास्पद मृत्यू कॉरोनर आणि त्याच्या ज्यूरीपुढे जात असे. तीच कथा कोकणातल्या खेड्यात नेली की पोलीस पाटील आणि फौजदार येतात. पेशव्यांच्या पुण्यात नेली की कोतवाल. यांना एकमेकांच्या जागी ठेवू नका.

माहितीसाठी त्या वर्षाची वर्तमानपत्रं चाळा. बातम्यांपेक्षा जाहिराती जास्त उपयोगी पडतात, कारण काय विकलं जात होतं आणि केवढ्याला, हे तिथेच कळतं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ इथे अशी सामग्री मिळते. एखादा शब्द त्या काळी वापरात होता का अशी शंका आली, तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती उघडा.

सावधान: या टप्प्याला तीन आठवडे द्या आणि थांबा. वर्षभर कालवहीच भरत बसलेले आणि कथेचं एक पानही न लिहिलेले लेखक मला ठाऊक आहेत.

## टप्पा २: खून कसा झाला ते दोन पानांत लिहून काढा

ही दोन पानं वाचकाला कधीच दिसणार नाहीत. खुन्याच्या बाजूने, घड्याळ लावून, सरळ लिहा: कुणी, कुणाला, का, कुठे, किती वाजता, नंतर काय लपवलं.

आमच्या उदाहरणात छापखान्याचा व्यवस्थापक रात्री चोरून एका पेढीच्या खोट्या पावत्या छापतो. हिशेब लिहिणाऱ्या तात्यांच्या लक्षात येतं की कागदाची रिमं आणि झालेली कामं जुळत नाहीत. व्यवस्थापक दोन दिवसांसाठी कल्याणला गेलेला असतो. तो परत येतो त्या रात्री तात्या छापखान्यात थांबून वह्या तपासत असतात. बाचाबाची होते, व्यवस्थापक त्यांना माडीच्या जिन्यावरून ढकलतो. तात्या जातात. सकाळी सगळे म्हणतात, म्हातारा माणूस, अंधारात पाय घसरला.

कारण दहा-बारा वर्षांच्या मुलाला समजेल असं हवं. चोरी उघडी पडण्याची भीती, हाव, वारसा, जुना अपमान, मत्सर ही कारणं मुलांना नीट कळतात. शाळेच्या वर्गातही ती रोज असतात. अनैतिक संबंध, राजकीय कटातली गुंतागुंत, कर्जरोख्यातली कलमं ही बाजूला ठेवा.

तपासणी: दोन पानं एखाद्या मित्राला वाचून दाखवा. ‘मग तो नुसता पळून का नाही गेला?’ असा प्रश्न आला आणि तुमच्याकडे उत्तर नसेल, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: त्या काळातच बसणारा एक धागा शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ऐतिहासिक रहस्यकथेचा मुख्य पुरावा असा हवा की साल बदललं तर तो पुरावाच राहणार नाही. हा धागा मिळाला की इतिहास आपोआप कथेत उतरतो. वर्णनं कोंबावी लागत नाहीत.

१८९५ च्या मुंबईत असा एक धागा सहज हाताशी आहे: घड्याळाच्या दोन वेगळ्या वेळा. शहर मुंबई टाइमवर चाले, रेल्वे मद्रास टाइमवर. मद्रास पूर्वेला, म्हणून रेल्वेचं घड्याळ मुंबईच्या घड्याळापेक्षा सुमारे अर्धा तास पुढे. सगळ्या देशाची एक वेळ १९०६ मध्ये आली, आणि मुंबईने तर स्वतःची वेळ त्यानंतरही कित्येक वर्षं सोडली नाही.

आता हे कथेत बसवू. शेजारच्या बाई सांगतात, घड्याळाने दहाचे टोल दिले आणि धप्प आवाज झाला. व्यवस्थापक सांगतो, ‘मी सव्वादहाच्या गाडीने बोरीबंदरला उतरलो, स्टेशनात विचारा.’ स्टेशनच्या नोंदीतही सव्वादहाच आहेत. म्हणजे खून झाला तेव्हा तो गाडीत होता. पण बाईंचे दहा मुंबईचे आणि गाडीचे सव्वादहा मद्रासचे. मुंबईच्या घड्याळात गाडी पावणेदहालाच आली होती. घोडागाडी केली तर बोरीबंदरहून गिरगाव कितीसं लांब?

मला हा धागा आवडतो, कारण व्यवस्थापक इथे एकही खोटा शब्द बोलत नाही.

सावधान: ‘ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती’ असं लिहून सुटू नका. मुंबईकराला दोन वेळांचा फरक चांगला ठाऊक होता, गाडी चुकू नये म्हणून ठाऊक ठेवावाच लागे. मग पोलिसांच्या लक्षात कसं आलं नाही? याचं उत्तर कागदात ठेवा. दोन जबान्या दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या माणसांनी लिहून घेतल्या. दोन्हींत नुसते आकडे आले, कुठल्या घड्याळाचे ते कुणी लिहिलं नाही. असा मृत्यू आधीच ‘पाय घसरून’ म्हणून नोंदला गेला असेल, तर दोन कागद शेजारी ठेवायची तसदी कोण घेतो? जुन्या काळची माणसं मूर्ख होती असं गृहीत धरून रचलेलं रहस्य टिकत नाही.

असे धागे प्रत्येक काळात सापडतात. चंद्र हा सगळ्यांत सोपा. पहारेकरी म्हणतो, रात्री दहाला चांदण्यात मी तात्यांच्या पुतण्याला ओळखलं. तिथी होती कार्तिक वद्य अष्टमी. त्या रात्री चंद्र उगवतो मध्यरात्रीच्या सुमाराला, मग दहाला चांदणं कुठलं? पंचांग घरोघरी होतं, म्हणजे मुलांच्या हाताला लागण्याजोगा पुरावा. दुसरा धागा मोडीचा. वहीतली नोंद मोडीत आहे, शाळेत बाळबोध शिकलेल्या मुलाला ती वाचता येत नाही, मग ती कुणाकडून वाचून घ्यायची आणि तो माणूस खरं वाचतोय कशावरून?

तिसरा धागा छापखान्याच्या पोटातच आहे. जुळाऱ्याच्या, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्या कामगाराच्या, हातातल्या स्टिकमध्ये (ओळ जुळवायच्या पट्टीत) शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, उलटे बसतात. अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात, ओळ मात्र डावीकडून उजवीकडेच जाते, डोकी खाली. सवय नसलेल्याला ती नुसती काळी नक्षी वाटते. बाबूचं काम वापरलेले खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं. त्याची बोटं शिशाने काळी झालेली असतात आणि उलटी अक्षरं तो न अडखळता वाचतो. कोपऱ्यात पडलेल्या एका स्टिकमध्ये अडीच ओळी तशाच राहिल्या आहेत. शिपाई ती स्टिक उचलतो, बघतो, बाजूला ठेवतो. बाबू खांद्यावरून डोकावतो आणि वाचतो: ‘...रोख पावले. सही.’ छापखान्यात पेढीच्या पावत्यांचं काम तर कधी आलंच नव्हतं.

तपासणी: तुमचा मुख्य पुरावा आजच्या कथेत जसाच्या तसा चालतो का? चालत असेल तर तो बाजूला ठेवा आणि दुसरा शोधा.

## टप्पा ४: मुलं निवडा, त्यांना शिरकाव द्या

आता मुलांकडे या, आधी नको. आधी मुलं रंगवली की लेखक त्यांच्या प्रेमात पडतो आणि सगळे पुरावे योगायोगाने त्यांच्या पायाशी येऊन पडतात.

प्रत्येक मुलासाठी दोन प्रश्न विचारा. मोठ्यांना जाता येणार नाही अशा कुठल्या जागी हे मूल जाऊ शकतं? मोठ्यांना कळणार नाही असं काय याला कळतं?

बाबू उलटी अक्षरं वाचतो, हे त्याचं ज्ञान. यमूचं काय? १८९५ सालची अकरा वर्षांची मुलगी रात्री एकटी बोरीबंदरवर फिरते असं लिहिलंत तर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण ती माजघरात बसू शकते, हळदीकुंकवाला जाऊ शकते, नळावर थांबू शकते. शेजारच्या बाई शिपायापुढे दाराआडून दोन वाक्यं बोलतात, यमूपुढे मात्र तांदूळ निवडता निवडता सगळं बोलतात. त्या काळच्या बंधनातूनच तिला वाट मिळते. त्याच बंधनाचा काचही दिसू द्या. पुढच्या लग्नसराईत तिचं लग्न ठरायचं आहे आणि हे तिला ठाऊक आहे. त्यावर भाषण नको, एक वाक्य पुरे.

यमूचे वडील रेल्वेत तिकीटबाबू. त्यांच्या घरी भिंतीवरचं घड्याळ मुंबईचं आणि वडिलांच्या खिशातलं मद्रासचं. आई पान वाढते भिंतीकडे बघून, वडील उठतात खिशातलं बघून, आणि रोज सकाळी यावरून थोडी कुरबूर होते. मुख्य पुरावा इथेच, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, तिसऱ्या प्रकरणात ठेवून द्यायचा. वाचक हसेल आणि पुढे जाईल.

जातीचं काय करायचं हा प्रश्न टाळू नका. कोण कुठल्या विहिरीवर जातो, कुणाला ओटीवर थांबवतात, कोण कुणाच्या घरी पाणी पीत नाही, या गोष्टी त्या काळच्या तपासाला अडवतात आणि वाटही दाखवतात. दोनच चुका टाळा: सगळे जण गुण्यागोविंदाने एका पंगतीत बसलेले दाखवणं, आणि खालच्या मानलेल्या जातीतल्या मुलाला फक्त निरोप्याचं काम देणं. तो मुलगा तुमच्या टोळीत असेल तर निदान एक गाठ त्यानेच सोडवली पाहिजे.

## टप्पा ५: संशयित आणि चकवे

तीन पुरे, चार फार झाले. मुलांना नावं लक्षात ठेवायला आवडत नाही. प्रत्येकाकडे काहीतरी लपवण्यासारखं असू द्या, पण ते खुनाशी संबंधित नको. पुतण्या त्या रात्री तमाशाला गेला होता आणि घरी कळू द्यायचं नाही, एवढंही पुरतं.

सावधान: गोसावी, भिकारी, फिरस्ते, वेडसर बाई यांना चकवा म्हणून वापरणं आता पुरे झालं. मुलं त्यातून भलतंच शिकतात, आणि ‘हा नसणार’ हे त्यांना दुसऱ्याच पानावर कळतं.

## टप्पा ६: प्रकरणांचा आराखडा उलटा करा

बारा प्रकरणं धरा. एका कागदावर १२ पासून १ पर्यंत आकडे लिहा आणि वरून भरत या. बाराव्यात उलगडा होण्यासाठी अकराव्यात मुलांना काय कळायला हवं? त्यासाठी दहाव्यात? असं करत पहिल्यापर्यंत या.

मग प्रत्येक पुरावा तीन वेळा येतो का ते पाहा. पहिल्यांदा बिनमहत्त्वाचा वाटून, दुसऱ्यांदा खटकून, तिसऱ्यांदा उत्तर होऊन. दोन घड्याळांचं असं होईल: तिसऱ्या प्रकरणात सकाळची कुरबूर, सातव्यात बाबू स्टेशनवर उशिरा पोचतो आणि गाडी चुकते, त्याला वाटतं आपणच रेंगाळलो, अकराव्यात यमू दोन कागदांकडे बघत एकच प्रश्न विचारते, ‘कुठले सव्वादहा?’

पहिल्या प्रकरणाच्या शेवटापर्यंत मृत्यू कळलाच पाहिजे. गल्ली, माणसं, छापखान्याचा शाईचा वास हे सगळं त्याच्या आजूबाजूला येऊ द्या, आधी ओळीने उभं करू नका.

## टप्पा ७: मृत्यू लिहिताना

मुलांच्या कथेत खून चालतो. गंमत म्हणून चालत नाही. प्रेताचं वर्णन दोन ओळींपेक्षा मोठं करू नका, रक्ताचा तपशील नको, विषाची कथा असेल तर मात्रा आणि कृती अजिबात नको. त्याऐवजी रिकामी जागा दाखवा. तात्यांचा चष्मा वहीवर तसाच आहे. बाबूला ते रोज खिशातून दोन चणे देत, आज दुपारी त्याचा हात सवयीने पुढे होतो. मेलेला माणूस कुणाचा तरी होता हे एकदा मुलाला जाणवलं की उलगड्याची ओढ आपोआप लागते.

तपासणी: तात्या गेल्यावर त्यांच्याबद्दल शेवटच्या प्रकरणापर्यंत कुणी बोलतं का? नसेल तर ते माणूस राहिले नाहीत, नुसतं निमित्त झाले.

## टप्पा ८: भाषा

जुनी भाषा लिहायचा हट्ट धरू नका. आठवीतल्या मुलाला कळणार नाही असं बखरीचं मराठी नको, आणि ‘ओके’, ‘टेन्शन’, ‘प्लॅन’ही नको. साधं, घरगुती मराठी लिहा आणि मोजके जुने शब्द अशा जागी ठेवा की अर्थ वाक्यातूनच कळावा. आजीला वेळ घटकांत मोजू द्या: ‘घटकाभर थांब’ म्हटलं की मुलाला कळतंच. घटका म्हणजे २४ मिनिटं हे पुढे हिशेबाला उपयोगी पडलं तर सोन्याहून पिवळं.

संबोधनं तपासा. मुलं मोठ्यांना नावाने हाक मारत नसत: तात्या, अण्णा, काका, वैनी. बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. ‘इकडून’, ‘तिकडून’ असंच बोलणं होई. यात एक सुंदर पुरावा दडलेला आहे. जबानी देताना एखादी बाई ‘तिकडून येणं झालं नव्हतं’ म्हणते, आणि लिहून घेणारा परका अंमलदार भलतंच समजतो. हे चुकलं कुठे, ते घरातल्या मुलीलाच कळणार.

## टप्पा ९: उलगडा

खुन्याचा कबुलीजबाब हा उलगडा नव्हे. मुलांनी पुरावे मांडून निष्कर्ष काढला पाहिजे, तोही मोठ्यांपुढे. १८९५ मध्ये मुलांचं बोलणं कोण ऐकून घेणार? म्हणून त्यांना एक मोठं माणूस मिळवून द्या. यमूचे वडील इथे कामाला येतात, कारण त्यांच्या खिशातलं घड्याळच साक्षीदार आहे. ते मुलीचं ऐकतात, घड्याळ काढून भिंतीवरच्या घड्याळाशेजारी धरतात आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. पोलिसांकडे जायचं काम त्यांचं.

सावधान: मुलांनी खुन्याला एकट्याने गाठणं, त्याच्यावर झडप घालणं, त्याला कोंडून ठेवणं नको. वाचणारं मूलही उद्या तसंच करायला जाईल.

## टप्पा १०: मुलांना वाचून दाखवा

पहिला खर्डा मोठ्यांना देऊ नका. नऊ ते तेरा वयाची आठ-दहा मुलं जमवा आणि दोन बैठकांत मोठ्याने वाचा. अकरावं प्रकरण सुरू होण्याआधी थांबा. प्रत्येकाला चिठ्ठी द्या: खुनी कोण, आणि कशावरून?

नावापेक्षा ‘कशावरून’ महत्त्वाचं. सगळ्यांनी बरोबर नाव आणि बरोबर कारण लिहिलं तर पुरावा फार उघडा पडलाय. कुणालाच जमलं नाही तर तुम्ही तो लपवून ठेवलाय, आणि मुलांना ती फसवणूक वाटते. दोघा-तिघांनी कारणासकट ओळखलं आणि बाकीच्यांनी उत्तर ऐकून कपाळावर हात मारला, तर बेत जमला. मूल कुठे चुळबुळ करतं त्या ओळीला पेन्सिलीने खूण करा. बहुतेक खुणा तुम्ही कालवहीतून उचलून जशाच्या तशा घातलेल्या माहितीवरच पडतील. ती माहिती काढा, कितीही कष्टाने मिळवलेली असली तरी.

दुरुस्ती करताना शेवटच्या प्रकरणात स्पष्टीकरण वाढवत बसू नका. उलगडा पटला नसेल तर दोष बहुधा आधीच्या पानांत असतो. तिसऱ्या प्रकरणात परत जा आणि यमूच्या वडिलांना खिशातून ते घड्याळ आणखी एकदा काढायला लावा.